अपडेट हुतात्माने येतो

फोनच्या पडद्यावर 'आता करा' आणि 'नंतर आठवण करा' अशी दोन बटणं आली, तर त्यातलं पहिलं सोलापूरच्या शुक्रवार पेठेत कोणी दाबल्याचं ऐकिवात नाही. कंपनीने ते उद्या काढून टाकलं तरी पेठेतून तक्रार जाणार नाही. दुसरं मात्र झिजायच्या बेताला आलंय.

याचा अर्थ सोलापूरकर चालढकल करणारा आहे, असा नाही. संक्रांतीला नंदीध्वजांच्या मिरवणुकीत हाच माणूस अनवाणी चालतो. भावकीतलं लग्न अक्कलकोटला असो की पार आळंदला, अक्षता पडायच्या आत मांडवात हजर असतो. पण फोनने हळूच सांगितलं, 'आपल्या डिव्हाइससाठी सुरक्षा अपडेट उपलब्ध आहे', की त्याला एकदम दळण आठवतं.

आमच्या वाड्यातले अण्णा हे या बाबतीत पेठेचे बिनपगारी प्रवक्ते. अण्णांची सगळी हयात पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यात, जॅकार्डच्या मागावर गेली. तिथं त्यांचा नियम एकच होता: चालू मागाला हात लावायचा नाही. धागा तुटला, धोटा अडकला, तर बघू. पण खटखट नीट चाललेल्या मागाजवळ जाऊन 'जरा सुधारू का?' असं विचारणारा माणूस त्यांच्या मते एक तर नवखा असतो, नाहीतर मालकाचा मुलगा. तोच नियम त्यांनी फोनला लावलाय. "फोन लागतोय ना? आवाज येतोय ना? मग कशाला उगं छेडायचं?" अपडेट का नको याची अण्णांकडे भरपूर कारणं आहेत. ती खोडून काढावीत म्हणून मी एकेक तपासायला घेतली, आणि अडचण झाली. बरीचशी खरी निघाली.

हिरव्या रेघेचं घ्या. नवी पेठेत मोबाईल दुरुस्त करणाऱ्या पोरांच्या काउंटरवर माणसं ज्या श्रद्धेने बसतात, तशी डॉक्टरपुढेही बसत नाहीत. पोरांचा सल्ला ठरलेला: "काका, अपडेट मारू नका. हिरवी लाईन येते." अपडेटनंतर पडद्यावर उभी हिरवी रेघ उमटल्याच्या तक्रारी मधल्या काळात भारतात इतक्या झाल्या, की एका कंपनीने अशा फोनचा पडदा आयुष्यभर फुकट बदलून द्यायचं कबूल केलं. दोष अपडेटचा, की पडद्याच्या आतला नाजूक सांधा आधीच सुटत आलेला होता आणि अपडेटच्या वेळी फोन तापला एवढंच निमित्त, यावर जाणकार बोलत बसतील. पेठेत हा खटला केव्हाच निकाली निघालाय. रेघ काल नव्हती, अपडेटनंतर आली. अजून काय पंचनामा करायचा?

अपडेट केला की फोन मंद होतो, हा दुसरा आरोप. इथं तर आरोपीने स्वतःच कबुली दिलेली आहे. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केलं, की बॅटरी म्हातारी झालेल्या आयफोनचा वेग आपण अपडेटमधून कमी करत होतो. थकलेल्या बॅटरीवर फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं कारण दिलं. हेतू चांगला असेलही; फक्त ज्याचा फोन मंद करायचा त्याला सांगायचं राहून गेलं होतं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांशी ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करायची पाळी आली. हे मी अण्णांना वाचून दाखवलं. अण्णा म्हणाले, "मी इथं कट्ट्यावर फुकट सांगत होतो."

संगणकाच्या धंद्यात एक जुना दंडक आहे, की शुक्रवारी नवीन काही बाहेर सोडायचं नाही. बिघडलं तर सगळ्यांचा शनिवार-रविवार जातो. १९ जुलै २०२४ ला शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक या अमेरिकी कंपनीने आपल्या सुरक्षेच्या सॉफ्टवेअरला एक लहानशी फाइल पाठवली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडून राहिले. कोणी हल्ला केला नव्हता. हल्ल्यापासून वाचवायचे पैसे घेणाऱ्यांनीच हे केलं होतं. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. सोलापूरच्या विमानतळावर मात्र त्या दिवशी एकाही प्रवासी विमानाला उशीर झाला नाही. विमानसेवाच नव्हती, ती सुरू व्हायला पुढचा जून उजाडला. सायबर संकटाला तोंड द्यायची आमच्या शहराची ही खास पद्धत: जे नाहीच, ते बंद कसं पडणार?

मायक्रोसॉफ्ट वाराच्या बाबतीत जास्त सावध. २००३ पासून त्यांनी दर महिन्याचा दुसरा मंगळवार धरलाय. अमेरिकेत सकाळ होते तेव्हा आपल्याकडे रात्र. म्हणजे अपडेट मंगळवार पेठेतून निघतो, बुधवार पेठेत पोचतो आणि शुक्रवार पेठेकडे येता येता मध्येच कुठंतरी चहाला थांबतो.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात तर तो पोचायचा प्रश्नच उरलेला नाही. तिथल्या बिलाच्या कॉम्प्युटरवर विंडोज सेव्हन आहे. त्याला अपडेट पुरवणं कंपनीने १४ जानेवारी २०२० ला, ऐन संक्रांतीतल्या गड्ड्याच्या यात्रेत, बंद केलं. दुकानदारांना त्याचं दुःख नाही, उलट कौतुक आहे. "त्या दिवसापासून एकदा पण मध्येच रिस्टार्ट झाला नाही बघा. आणि चोरणार काय मालक यातनं? सर्दीच्या गोळ्यांची बिलं?"

हा प्रश्न पेठेत सगळे विचारतात, आणि इथं मात्र पेठेचा हिशेब चुकतो. चोर बिलं बघतच नाही. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधलं एक भोक बुजवणारा अपडेट दिला. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा किडा त्याच भोकातून शिरला आणि दीडशेच्या आसपास देशांत पसरला. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत ठरलेली ऑपरेशनं रद्द झाली. मधले जवळजवळ दोन महिने जगभरात 'नंतर आठवण करा' चाललं होतं. सापडलेले बहुतेक संगणक विंडोज सेव्हनचे होते. त्या किड्याला कुणी पत्ता दिलेला नव्हता. दार उघडं दिसलं की आत, मग ते लंडनचं हॉस्पिटल असो की पेठेतली गोळ्यांची बिलं. सगळ्या फायलींना कुलूप, आणि किल्ली हवी तर ३०० डॉलर.

यातली खरी खोच लोकांच्या लक्षात येत नाही. अपडेट म्हणजे कंपनीने गावभर दिलेली दवंडी असते: ऐका हो ऐका, अमुक मॉडेलच्या घरांच्या मागच्या दाराची कडी मोडकी निघाली आहे, नवी पाठवली आहे, बसवून घ्या. ही दवंडी मालकालाही ऐकू येते आणि चोरालाही. चोर जुनी कडी आणि नवी कडी शेजारी शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते बघतो आणि त्याच रात्री कामाला लागतो. मालकाला तेवढ्यात दळण आठवलेलं असतं. म्हणजे अपडेट यायच्या आधी आपण जेवढे सुरक्षित असतो, तेवढेही तो आल्यावर राहत नाही, जर बसवला नाही तर.

"पण मी कशावर दाबतच नाही ना," असं अण्णा म्हणतात. न दाबण्याचीही खात्री नाही. मे २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने आपल्या दीडशे कोटी वापरकर्त्यांना विनंती केली, की ताबडतोब अपडेट करा. नुसता एक कॉल करून समोरच्याच्या फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर घालता येत होतं. कॉल उचलायचीही गरज नाही. मिस्ड कॉल पुरे. ही बातमी वाचून युरोपातला माणूस नुसता घाबरला असेल. पेठेत ती संस्कृतीवरचाच घाला होती. आमच्याकडे मिस्ड कॉल हे पूर्ण वाक्य आहे. एक दिला की 'पोचलो', दोन दिले की 'खाली ये', आणि चार-पाच दिवसांआड पहाटे सगळ्या गल्लीचे फोन एकेकदा वाजून थांबले की 'पाणी आलं'. त्या हल्ल्यात जगभरातले सुमारे १,४०० लोक निवडून निवडून लक्ष्य केलेले होते, त्यात वकील होते, पत्रकार होते. अण्णांना हे सांगितल्यावर ते थोडे खट्टू झाले. "म्हणजे आमच्याकडं कोण बघत पण नाही."

बघतात, पण दुसऱ्या कामासाठी. पेठेत आता घरोघरी वायफायचा डबा आणि दुकानोदुकानी कॅमेरे आहेत. डब्यावर क्रोशाचा रुमाल असतो, कारण धूळ बसते. त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरला बसवल्यापासून कोणी हात लावलेला नसतो. पासवर्ड विचाराल तर निम्म्या गावाचं वायफाय 'सिद्धेश्वर' आणि पुढे '१२३' यावर चालतं. ग्रामदैवतावर आमचा भरवसा तेवढा आहे. कॅमेऱ्याचा पासवर्ड तर विचारायचीही गरज नाही. कारखान्यातून जो आला तोच, आणि बसवणाऱ्याने तो डीव्हीआरवर चिकटवूनही ठेवलेला असतो, आपण विसरू नये म्हणून. ऑक्टोबर २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने असेच साठेक ठरलेले पासवर्ड घोकून लाखभर कॅमेरे आणि डबे आपल्या नोकरीत घेतले, आणि त्यांच्या एकजुटीने ट्विटर, नेटफ्लिक्स काही तास आडवे केले. मूळ किडा लिहिणारी तीन अमेरिकन पोरं होती आणि मुळात भांडण एका व्हिडिओ गेमच्या सर्व्हरवरून होतं. म्हणजे औषधाच्या दुकानातला कॅमेरा चोर पकडायला बसवायचा, आणि तो रात्री दुकान बंद झाल्यावर परदेशात दुसरी पाळी करायला जायचा.

आता मला वाटलं होतं, की एवढ्यावर अण्णांचा पक्ष संपला. पण त्यांच्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा मलाच सापडला, आणि तो त्यांच्यापासून लपवून ठेवणं बरोबर झालं नसतं.

वॉनाक्रायनंतर दीडेक महिन्याने, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या आला. तो आला कसा? अपडेटमधून. युक्रेनमध्ये करभरणा आणि हिशेबासाठी कंपन्याकंपन्यांत वापरलं जाणारं एमई-डॉक नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. हल्लेखोरांनी त्या कंपनीच्या सर्व्हरमध्येच शिरून अपडेटच्या पाकिटात विष घातलं. ज्यांनी आज्ञाधारकपणे अपडेट घेतला, ते आधी गेले. तिथून तो मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीत घुसला आणि तिथून थेट आमच्या महाराष्ट्रात, न्हावा शेवाला. जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्कच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. कोणता कंटेनर कुठं ठेवलाय हे सांगणारा संगणकच गप्प. मग कागद, पेन आणि आरडाओरडा यांवर काम आलं. बाहेर ट्रक तुंबले. सोलापूरचे टॉवेल परदेशी निघतात ते याच बंदराकडे. त्या रांगेत आमच्या एमआयडीसीतले दोन-चार ट्रक नसतीलच, असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. युक्रेनमधल्या एका हिशेबनिसाचा अपडेट आणि उरणच्या रस्त्यावर उभा राहिलेला टॉवेल, यांचा असा संबंध.

आणि मर्स्क त्यातून वाचली कशी, हे तर सोलापुरात चौकात फलक लावून सांगण्यासारखं आहे. कंपनीचं सगळं जाळं परत उभं करायला जी मूळ नोंद लागते, तिच्या जगभरच्या प्रती एका झटक्यात पुसल्या गेल्या होत्या. एकच उरली, आफ्रिकेत, घानाच्या कार्यालयात. का? हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेली होती, म्हणून सर्व्हर बंद होता, म्हणून शाबूत राहिला. जगातल्या सगळ्यात मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक वाचली ती लाईट गेल्यामुळे. ही गोष्ट आमच्या वीज कंपनीच्या कानावर कोणी घालू नये.

अण्णांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाठवायच्या आधी बघत नाहीत का बे एकदा?"

या प्रश्नामागे चाळीसेक वर्षांचा अनुभव होता, हे मला जरा उशिरा कळलं. जॅकार्डच्या मागावर चादरीचा मोर कुठून येतो? मागाच्या डोक्यावर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरत असते. एका पुठ्ठ्याला एक आडवा धागा. जिथं भोक आहे तिथला ताणा उचलला जातो, जिथं नाही तिथला खालीच राहतो. फ्रान्समध्ये ल्योंच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास हे बसवलं, आणि संगणकाचे पूर्वज तिथूनच सुरू होतात. भोकांच्या कार्डांवर पुढे अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजली गेली. १९४४ च्या हार्वर्ड मार्क वन संगणकाची जी कागदी पट्टी जपून ठेवली आहे, तिच्यावर चुकीच्या भोकांवर चिकटवलेले कागदाचे तुकडे अजून दिसतात. भोक बुजवायचं, पाहिजे तर शेजारी दुसरं पाडायचं, की झाला प्रोग्राम दुरुस्त. अण्णांना मी फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून बघितला. "हे आम्ही करायचो की. मोराची चोच वाकडी आली, की रात्री पुठ्ठा काढायचा, कागद डकवायचा."

"आणि मग?"

"मग काय, एक चादर विणून बघायची. उजेडात धरायची. मालकाला दाखवायची. मग लॉट लावायचा. एकदम शंभर मागांवर कोण चढवतंय? येडं आहे का?"

क्राउडस्ट्राइकने त्या शुक्रवारनंतर जो अहवाल काढला, त्यात लिहिलं आहे की यापुढे असे बदल सगळीकडे एकदम न पाठवता आधी थोड्या संगणकांवर, मग टप्प्याटप्प्याने पाठवले जातील. अण्णांना मानधन द्यावं असं त्यात कुठं नाही.

तर असा हा माणूस, उभं आयुष्य सॉफ्टवेअर सुधारत आलेला, सॉफ्टवेअर सुधारून घ्यायला तयार नाही. मला आधी वाटायचं की हा अडाणीपणा आहे, मग वाटलं आळस आहे. आता वाटतं, मामला वेगळाच आहे. अपडेट कोण पाठवतं ते अण्णांना दिसत नाही. त्याला नाव नाही, गाव नाही, तो कुणाचा कोण हे माहीत नाही, आणि बोलतो तर असा की जणू आपणच त्याचे नोकर. पेठेला माणूस लागतो. आपले रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, मग संगणक दुरुस्त करायला लागले; गिऱ्हाइकांच्या मशिनीत व्हायरस सापडायचे म्हणून धाकटे भाऊ संजय यांनी ते काढायचा प्रोग्राम लिहिला, आणि त्यातून क्विक हील उभी राहिली. मराठी माणसाने अँटिव्हायरस पैसे देऊन घेतला, याचं मला अजून नवल वाटतं. पण तो निघाला होता दुरुस्तीच्या दुकानातून, काउंटरपलीकडच्या ओळखीच्या माणसाकडून. तिथं विश्वास बसतो.

हे चोरांना कंपन्यांच्या आधी कळलं. म्हणून फोनच्या अपडेटला नाही म्हणणारा माणूस फोनवरच्या अपडेटला लगेच हो म्हणतो. "नमस्कार काका, बँकेतून बोलतोय. जेवण झालं का? तुमचं केवायसी अपडेट करायचं राहिलंय." कोणत्या कंपनीने आजवर विचारलंय, जेवण झालं का म्हणून? नाहीतर मेसेज येतो, की बिल अपडेट नसल्यामुळे आज रात्री साडेनऊला वीज तोडण्यात येईल. खरी वीज कधी सांगून गेल्याचं कोणाला आठवत नाही, पण हे सांगितलंय म्हणून लोकांना ते अधिकृत वाटतं.

आणि कळस म्हणजे लग्नपत्रिका. व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरावरून पत्रिका येते, फक्त ती पीडीएफ नसते, शेवटी 'एपीके' अशी तीन अक्षरं असतात. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याने अशी पत्रिका उघडली आणि सुमारे १ लाख ९० हजार रुपये आहेर गेला. फोन अशा वेळी गप्प बसत नाही, बिचारा. 'हे ॲप अनोळखी ठिकाणाहून आलंय', 'हे धोकादायक असू शकतं', 'तरीही पुढे जायचं का?' असं विचारत राहतो. आणि सहा महिने अपडेट ढकलणारं तेच बोट इथं हो, हो, हो करत सुटतं. कारण समोर मामाचा नंबर आहे! न उघडावी तर मामा उद्या म्हणणार, पत्रिका पाठवली तर बघितली पण नाही. ते ॲप मग ओटीपीचे मेसेज वाचतं, खातं साफ करतं, आणि जाता जाता तुमच्या नावाने तीच पत्रिका तुमच्या सगळ्या भावकीला धाडतं. पैसे गेल्यावर १९३० या नंबरावर जितक्या लवकर फोन कराल तितकं बरं, हे पेठेत पुष्कळांना माहीत आहे. पण आधी मामाला फोन लावून 'लग्न आहे का नाही' हे विचारण्यात पहिला तास जातो.

हे सगळं कळल्यावर पेठेने आपल्यापुरता मार्ग काढलेला आहे, आणि तो कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात नाही. इथला अपडेट इंटरनेटवरून येत नाही. तो हुतात्मा एक्सप्रेसने येतो.

पेठेतली निम्मी पोरं पुण्यात हिंजवडीला आहेत. तिथं बसून ती आठवडाभर जगाला अपडेट पाठवतात, कोणाची बँक, कोणाचं विमान, कोणाची विमा कंपनी. घरी मात्र आईबापाच्या फोनवर दोन वर्षांपूर्वीची तारीख. मग शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा धरायची, रात्री दहाच्या सुमारास सोलापूर, आणि शनिवारी सकाळी कडक भाकरी, शेंगाचटणी खाऊन झाली की सगळ्यांचे फोन पुढ्यात घेऊन बसायचं. पोरगा म्हणजे ओळखीचा माणूस. त्याने दाबलं तर चालतं.

मागच्या खेपेला अण्णांचा धाकटा असाच बसला होता. वाड्यातल्या काकूंचा फोन पहिला. अपडेटला जागाच नव्हती. सगळा फोन 'शुभ सकाळ'ने भरलेला. हा रोग एवढा मोठा आहे, की २०१८ मध्ये गूगलने खास भारतातल्या शुभ सकाळच्या चित्रांना शोधून साफ करायची सोय आपल्या एका ॲपमध्ये घातली होती. धाकट्याने हजारभर चित्रं निवडली आणि पुसणार, तेवढ्यात काकूंनी बघितलं.

"अरे, काय करलालास? ते गुरुवारचे स्वामी आहेत!"

"काकू, एकच फोटो दीडशे वेळा आहे."

"दीडशे गुरुवार झाले म्हणून. अक्कलकोट काय लांब आहे का? कळत नाही का तुला?"

स्वामी राहिले. त्यांच्याऐवजी पुतण्याच्या मुंजीचे व्हिडिओ गेले. मग अण्णांचा फोन. अण्णा समोरच्या खुर्चीत बसून त्याच्या बोटाकडे बघत होते. पुण्यातून शिकून आलेला असला म्हणून काय झालं, चालू मागाला हात घातलेला होता.

"किती वेळ लागंल?"

"दीड जीबी आहे अण्णा. पाऊण तास."

"एका फोनवर बघितलास का आधी?"

"हो अण्णा, माझ्या फोनवर मागच्याच महिन्यात केला."

"चोच सरळ आहे?"

"काय?"

"काय नाही. कर."

पट्टी पुढे सरकत होती. बारा टक्के, एकोणतीस, त्रेचाळीस. आणि बरोबर तेव्हा गल्लीतले फोन एकेकदा वाजून गप्प झाले. खुर्ची मोकळी झाली. जिन्यावर पावलं वाजली, बादल्या आपटल्या, आणि वायफायच्या डब्यावरचा हिरवा दिवा विझला. त्या खोलीत चालू बटण एकच, आणि नळाची मोटर तिथंच लागते.

"अण्णा! वायफाय गेलं! त्रेचाळीसवर अडकलाय!"

खालून, मोटरीच्या घरघरीतून, उत्तर आलं, "अडकू दे. टाकी भरल्यावर बघू. आणि तू वर काय करलालास? पाइप धरायला ये की!"